सासऱ्यांचा इस्टू

माझा नवरा ज्या बोटीवर होता तिला आग लागल्याची बातमी मला बेकरीतल्या फोनवर कळली. अंधेरीच्या आमच्या गावठाणात तेव्हा घरोघरी फोन नव्हते. गल्लीला मिळून एकच, कोपऱ्यावरच्या बेकरीतला. बोटीवर गेलेल्या सगळ्या पोरांनी आपापल्या कंपनीत तोच नंबर देऊन ठेवलेला. बेकरीवाला स्वतः आला, हात पिठाने पांढरे, आणि दारातूनच म्हणाला की ऑफिसचा फोन आहे, लगेच चला. मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन मी तशीच अनवाणी गेले.

आखातात युद्ध चालू होतं. तेलाच्या बोटींवर मारा होतो हे आम्ही रेडिओवर ऐकायचो, पण ते ऐकणं वेगळं. फोनवरचा माणूस सभ्यपणे बोलत होता. म्हणाला, बोटीच्या मागच्या भागाला आग लागली, माणसांना दोन-तीन वेगवेगळ्या बोटींनी उचललं आणि वेगवेगळ्या बंदरांत नेलं, त्यामुळे याद्या जुळायला वेळ लागतोय. तुमच्या मिस्टरांचं नाव अजून कुठल्याच यादीत नाही. मी विचारलं, कुठल्याच म्हणजे याद्या किती आहेत? तो म्हणाला, दोन. तेवढ्यावर मला कळलं, एक वाचलेल्यांची आणि दुसरी गेलेल्यांची. बोटीवरचं स्वयंपाकघर मागच्या भागात असतं हे मला माहीत होतं, आणि माझा नवरा तिथेच होता, दुसऱ्या नंबरचा कुक.

घरी येऊन मी सासूला सांगितलं. मम्मा तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली. रडली नाही, काही विचारलं नाही. ते तांदूळ दोन दिवस तसेच सुपात होते.

मम्माचं आणि माझं तोवर कधी फारसं जमलं नव्हतं, हे सांगायला हवं. मी घाटकोपरच्या चाळीतली, मालवणी, बाप गिरणीत. संपानंतर त्याची गिरणी त्याच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही, म्हणून मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला लागले. दोन बोटींच्या मधल्या काळात हा तिथल्या कॅन्टीनमध्ये कामाला होता. पुढचं सगळं जसं होतं तसंच झालं. आम्ही रजिस्टर लग्न केलं. बाबांनी सांगितलं की आमच्यासाठी ती मेली. इकडे मम्माला चर्चमध्ये लग्न लागलेली सून हवी होती. ती भांडली कधीच नाही, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिला तुम्ही म्हणायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमी काय गो? मी काय पाद्री हाय?" तरी माझ्या तोंडून तू येईना आणि तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

त्या घरात मला आपलं मानलं ते सासऱ्यांनी. तीस वर्षं ते बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. जगातली बंदरं त्यांना बाजारांवरून लक्षात होती. कुठे कांदे चांगले, कुठे मासे शिळे. इंग्रज कप्तानांच्या हाताखाली शिकलेला एक पदार्थ ते घरी वर्षातून दोनदाच करत. एकदा नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आणि एकदा मुलगा बोटीवरून परत येई त्या दिवशी. मोठ्याचं, म्हणजे बैलाचं, मटण बियरमध्ये तासन् तास मंद शिजवायचं आणि शेवटी वर मैद्याचे गोळे सोडायचे. स्ट्यू म्हणायचं त्याला, पण घरात सगळे इस्टूच म्हणत.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात ते करत असताना मी नाकाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मोठ्याचं मटण आमच्या घरात नावानेसुद्धा कधी काढलं गेलं नव्हतं. त्यांनी वळून बघितलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "वासाने बाटत नाय कोन. बघून ठेव." आणि मग ते मला सांगत राहिले. मटण आधी कोरडं पुसायचं, पिठात घोळवायचं, तांबूस होईपर्यंत परतायचं, घाई करायची नाही. तिकडच्या बियरला एल म्हणतात, ती काळसर असते, आपली फिकी आणि कडू. बरंच काही सांगितलं. मी अर्धं ऐकलं. मला कुठे ते कधी करायचं होतं? दुसऱ्या वर्षी झोपेतच ते गेले. त्यानंतर घरात इस्टू झाला नाही. मयताला आलेल्या कुणा बाईपाशी मम्मा म्हणाल्याचं मला आठवतं, की आता पोरगा येईल तवा इस्टू कोन करील.

बातमी आल्यापासून मम्माने अन्न सोडलं होतं. नवस नाही, उपास नाही. तिच्या घशाखाली उतरतच नव्हतं. पहिले दोन दिवस मला वाटलं धक्का आहे, निवळेल. तिसऱ्या दिवशी मी पेज केली. तिने ओठ मिटून घेतले. शेजारच्या बायका कोंबडीचं सूप घेऊन आल्या, संध्याकाळी पलंगाभोवती बसून रोझरी म्हणाल्या, तिचे ओठ त्यातही हलले नाहीत. मी बोंबलाचं कालवण करून बघितलं, शिरा करून बघितला, दुधात पाव कुस्करून चमच्याने भरवायला गेले. तिने चमचा हाताने बाजूला केला, इतक्या हळू की मला रागही येईना. पाण्याचे चार घोट, तेवढंच. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय बघा, साखर बघा, अजून दोन दिवस असंच चाललं तर उचलून हॉस्पिटलात न्यावं लागेल, आणि तिथून परत येतील याची खात्री मी देत नाही.

मी रोज सकाळी बेकरीत जाऊन ऑफिसला फोन लावायचे. रोज तोच माणूस, तोच सभ्य आवाज. अजून काही नाही. दोनदा मुलीला शेजारी ठेवून फोर्टातल्या त्या ऑफिसात जाऊन आले. तिथे बाकावर माझ्यासारख्याच आणखी बायका बसलेल्या. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. एकीचं नाव पुकारलं, ती आत गेली आणि आतून जो आवाज आला तो ऐकून मी जिना उतरून खाली आले ती पुन्हा वर गेले नाही.

त्यातच माझं दूध आटायला लागलं. मुलगी ओढायची, रागाने मान हलवायची, रडायची. शेजारीण म्हणाली, तू तरी खा गं, तुझं बघून मुलीचं होणार. मी खायला बसायचे आणि आतल्या पलंगावरची ती पाठ दिसायची. घास तोंडात फिरत राहायचा. मम्मा आत मरत होती, मी बाहेर तिच्यामागून चालले होते, आणि मधे ही एवढीशी पोर. नवरा जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, पण तो आला तर त्याला मी काय दाखवणार होते?

नवव्या दिवशी सकाळी मी ठरवलं की इस्टू करायचा. मोठं काही सुचलं म्हणून नाही. बाकी सगळं करून झालं होतं, एवढंच उरलं होतं.

मुलीला शेजारणीकडे दिलं आणि बाजारात गेले. मटणाच्या त्या दुकानासमोरून मी तीन वर्षं मान खाली घालून जात होते. देवनारहून माल सकाळीच यायचा, त्यामुळे गर्दी होती. माझ्या कपाळावर टिकली, गळ्यात काळे मणी. रांगेतली माणसं थोडी सरकली, मला जागा करून दिली की लांब झाली ते कळलं नाही. माझी पाळी आल्यावर कुठलं हवं हेच मला सांगता येईना. मी एवढंच म्हटलं की इस्टूसाठी, आमचे म्हातारे न्यायचे तसं. दुकानदाराने सुरी खाली ठेवली. सासऱ्यांचं नाव त्याच्या तोंडून आलं. म्हणाला, ते खांद्याचं न्यायचे आणि थोडं नळीचं, चरबी बाजूला काढून घ्यायचे. मग त्याने हळूच विचारलं, "भाई का कुछ पता चला?" मी नाही म्हणून मान हलवली. मटण त्याने कागदात गुंडाळलं, वर दुसरा कागद, मग पिशवी, आणि त्यावर मूठभर कोथिंबीर ठेवली. कोथिंबीर मी मागितली नव्हती. रस्त्यात मला कुणी काही विचारू नये म्हणून त्याने ती ठेवली, हे घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

बियरसाठी स्टेशनरोडवरच्या दुकानात जावं लागलं. सकाळचे अकरा वाजलेले. काऊंटरवर दोन माणसं उभी होती, ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मी म्हटलं, एक बियर, जी सगळ्यात काळी असेल ती. दुकानदार म्हणाला, बाई, बियर सगळी सारखीच. वर्तमानपत्रात बांधून घेतलेली ती बाटली मी छातीशी धरून आणली, जशी काही औषधाचीच होती.

कांदे कापायला बसले तेव्हा पहिल्यांदा रडले. नऊ दिवसांत मी रडले नव्हते. कांद्याने सोय झाली.

मटणाला हात लावताना मला काय वाटलं ते आज खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. ते कसं होईल याचीच भीती होती. तुकडे फडक्याने पुसले, पिठात घोळवले, वातीच्या स्टोवर जाड बुडाचं पातेलं ठेवून चार-चार करून परतले. सासरे घाई करायची नाही म्हणाले होते, तेवढं आठवत होतं. मग चार कांदे, गाजरं, तमालपत्र, मिरी दाणे. बियर ओतली तेव्हा फेस असा उसळला की अर्धी स्टोवर जाते की काय असं वाटलं. मग झाकण ठेवलं, वात बारीक केली आणि पातेल्यासमोर फरशीवर बसून राहिले. आतल्या खोलीत मम्माची पाठ तशीच.

अर्धा-पाऊण तास गेला असेल, दारात सावली आली. वर बघितलं तर माझी आई.

तीन वर्षांत ती या घरी आली नव्हती. घाटकोपरला कुणाकडून तरी तिला बोटीचं कळलं आणि बाबांना बाजारात जाते असं सांगून ती निघाली होती. हातात रिकामी पिशवी, घाम आलेला, चप्पल दाराबाहेर काढून ती उंबऱ्यातच उभी राहिली. मी उठले नाही. पातेल्यापाशीच बसून राहिले. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक म्हायत नाय." मग आत आली, माझ्या शेजारी बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी काय काय सांगत सुटले ते मला आठवत नाही. याद्यांचं सांगितलं असेल, दुधाचं सांगितलं असेल, आतल्या पलंगाकडे बोट केलं असेल.

सगळं ऐकून तिने पातेल्याकडे बघितलं. नाकाला तिच्या केव्हाच कळलं असणार. तरी विचारलं, काय शिजतंय. खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, "मोठ्याचं. हिच्यासाठी. दुसरं काही खात नाही."

आईच्या गळ्यात तुळशीचा एकच मणी होता, तो ती बोटांनी फिरवत राहिली. आता ही उठणार, मला वाटलं, चपला घालणार आणि पुन्हा कधी येणार नाही. ती आतल्या खोलीकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या बाईच्या पोटात जायत काय ह्या?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मी त्याका हात लावचंय नाय," ती म्हणाली. "वर काय घालूचा आसा ता सांग."

मी म्हटलं, मैद्याचे गोळे. लोणी घालून, थोडी बेकिंग पावडर. बेकरीवाल्याने दिली होती. आई म्हणाली, म्हणजे मुटकेच की, कुळथाच्या पिठीत सोडतो तसले. पीठ हाड हयसर. मी मैद्याचा डबा आणून दिला. तिने हात धुतले, पदर खोचला आणि परातीत मैदा घेऊन बसली. मी मटणाच्या पातेल्यापाशी, ती परातीपाशी, दोघींच्या मधे हातभर अंतर. लोणी पिठात चोळताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. लग्नाआधी मी रोज तोच आवाज ऐकत उठायचे. मधे एकदा तिने विचारलं, पोर कुठे आहे. मी सांगितलं, शेजारी. ती म्हणाली, बघून जायन.

दोन तास झाले असतील. झाकण काढलं, मटण बोटाने दाबलं तर मऊ होतं, पण वास मला चुकीचा वाटला. काहीतरी करपट, औषधासारखं. सासऱ्यांच्या पातेल्याला असा वास नव्हता, इतकं मला कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं. पातेलं आता फुकट गेलं, आता माझ्याजवळ काही नाही, असं वाटून मी भिंतीला टेकले. मम्मा उद्या हॉस्पिटलात जाईल आणि तिथून परत येणार नाही. मला ते समोर घडल्यासारखं दिसत होतं. आई म्हणाली, चाखून बघ ना. मी तिच्याकडे बघितलं. तीन वर्षं या घरात राहून मी ते तोंडात घातलं नव्हतं. इथल्या कुणी घालायलाही लावलं नव्हतं. ती एक रेघ मी माझ्यापाशी ठेवली होती, बाबांकडे कधी परत जायची वेळ आली तर सांगता यावं म्हणून.

आईने तोंड खिडकीकडे वळवलं.

"चाख," ती म्हणाली. "मी बघूक नाय."

मी पळीभर रस्सा बशीत घेतला, फुंकर घातली आणि प्यायले. जिभेवर पहिल्यांदा मिरी आली, मग दाट, गोडसर कांदा, आणि त्यामागून कडूपणा, घशापर्यंत. बियर कडू होती. त्याच क्षणी सासऱ्यांचं अर्धं वाक्य डोक्यात पुरं झालं. आपली बियर फिकी आणि कडू, म्हणून गुळाचा खडा टाकायचा. मी सुपारीएवढा गूळ टाकला, ढवळलं, पाच मिनिटांनी पुन्हा चाखलं. मग आणखी अर्धा. तिसऱ्यांदा चाखलं तेव्हा मला ते नक्की कळलं. कसं ते सांगता येणार नाही, मी तर तो कधी खाल्लाच नव्हता. पण घरभर त्या नाताळाचा वास झाला. आईने मागे वळून विचारलं नाही, तिने फक्त गोळ्यांची परात माझ्याकडे सरकवली.

गोळे एकेक करून रश्श्यावर सोडले. ते वर तरंगत राहिले, पांढरे, कच्चे. झाकण ठेवलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मला राहवेना, फुगतायत की नाही बघावं म्हणून मी झाकणाला हात घातला.

"झाकन काढू नको."

आवाज इतका खरखरीत होता की आधी मला तो आईचा वाटला. आई माझ्याकडे बघत होती. मी आत बघितलं. मम्माने कूस बदलली होती. भिंतीकडून तिचं तोंड आमच्याकडे झालं होतं आणि डोळे उघडे होते.

"वाफ गेली तर बसतात ते," ती म्हणाली. "वीस मिंटं. घड्याळ बघ."

नऊ दिवसांत तिने काढलेले हे पहिले शब्द. मी झाकण सोडलं. घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "गूळ घातला. दीड खडा." तिने विचार केला. म्हणाली, म्हातारा एकच घालायचा. मग पुन्हा डोळे मिटले, पण तोंड आमच्याकडेच ठेवलं.

ती वीस मिनिटं आम्ही तिघी घड्याळाकडे बघत काढली. मग मी झाकण उचललं. गोळे फुगून एकमेकांना चिकटले होते, वरून कोरडे, खालून रश्श्यात तपकिरी झालेले. खोल बशीत दोन गोळे आणि रस्सा घेतला, एक तुकडा मटणाचा ठेवला आणि पलंगापाशी गेले. आई मागून आली. तिने मम्माच्या पाठीखाली हात घालून तिला बसवलं, उशी लावली. त्या दोघी एकमेकींना त्या दिवसापर्यंत भेटल्या नव्हत्या. ओळख करून द्यायला कुणाला सुचलं नाही.

मी चमचा पुढे केला. म्हटलं, "मम्मा, खा. तू नाही खाल्लंस तर माझं काय होईल?"

तू म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि तोंड उघडलं. पहिला घास गिळायला तिला इतका त्रास झाला की मानेच्या शिरा वर आल्या. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना, पण ती खात राहिली. एक गोळा आणि थोडा रस्सा संपला. मटणाच्या तुकड्याला तिने हात लावला नाही. मग तिने बशी माझ्याकडे ढकलली आणि म्हणाली, "तू खा आता. पोरीला दूध कुठून येल?"

उरलेला गोळा मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून खाल्ला. आई खिडकीबाहेर बघत होती.

जाताना ती शेजारी जाऊन मुलीला बघून आली. आमच्या घरचं पाणी ती प्यायली, चहा नको म्हणाली. उंबऱ्यात चप्पल घालताना तिने मागे वळून मम्माला सांगितलं की हिला पेजेत जिरं घालून द्या, दूध येतं. मम्मा म्हणाली, देते.

त्यानंतर सहा दिवस तसेच गेले. म्हणजे मम्मा थोडं थोडं खायला लागली, मीही, पण बातमी नव्हतीच. उलट आता वाट बघणं जास्त कठीण झालं, कारण आता मम्मा बोलायची. दर तासाला विचारायची, बेकरीत जाऊन आलीस? सातव्या दिवशी बेकरीवाला धावत आला. तो नुसता मान वरखाली हलवत राहिला. माझा नवरा जिवंत होता. एका बंदरातल्या हॉस्पिटलात होता, हात आणि पाठ भाजलेली, कागदपत्रं जळून गेलेली, आणि शुद्ध येईपर्यंत त्याचं नाव कुणाला माहीतच नव्हतं.

दोन महिन्यांनी तो घरी आला. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. बोटीवर तो पुन्हा गेला नाही. पुढे वसाहतीतल्या एका कॅन्टीनमध्येच लागला. तो आला त्या दिवशी मम्मा इस्टू करायला निघाली, तर तो म्हणाला नको. आगीवरचं काही नको. मम्माने वाद घातला नाही. बेकरीतून पाव आणले, केळी आणली, आम्ही ते खाल्लं.

तो आल्यानंतर पंधरा दिवसांनी एक बाई आमच्याकडे आली. गोराईची. तरीतून खाडी ओलांडून, बोरिवलीहून बस बदलत आली होती. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. तिचा मुलगा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली बोटीवरच्या स्वयंपाकघरात होता. तो दुसऱ्या यादीत होता, गेलेल्यांच्या. फोर्टातल्या त्या बाकावर मी तिला बघितलं होतं की नाही, मला आठवेना.

ती खुर्चीवर बसली नाही, खाली बसली. मम्मा तिच्याशेजारी खाली बसली. बाईने आगीचं काही विचारलं नाही. बोंबील पुढे केले, माझ्या नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, आणि तिने एकच गोष्ट विचारली. त्या दिवशी तो जेवला होता का?

माझ्या नवऱ्याने लगेच सांगितलं की हो, जेवला होता. पोटभर. भात आणि माशाचं कालवण, दोनदा घेतलं.

बाईने मान डोलावली. मी केलेला चहा प्यायली, मुलीच्या गालाला हात लावला आणि उजेड आहे तोवर निघते म्हणाली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा नवरा तिथेच बसला होता, बोंबलांची पिशवी मांडीवर. तो हळू आवाजात म्हणाला की त्या दिवशी स्वयंपाक व्हायचाच होता. भात नुकता चढवला होता.

मम्माने त्याच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. ही गोष्ट घराबाहेर कुणी कधी काढली नाही.